शिवणीतली माया : ऑल्टर केलेला ड्रेस साधन म्हणून कसा वाचायचा?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की ‘साधनं’ या मथळ्याखाली आपण काय लिहितो? दफ्तरखाना, गॅझेटियर, जनगणनेचे अहवाल, वर्तमानपत्रांच्या फायली, मुलाखती. यातलं काही चुकीचं नाही. पण आज जरा वेळ कागद बाजूला ठेवा आणि एक ड्रेस हातात घ्या.

समजा शहापूरच्या कॉलेजातली एक मुलगी आहे. तिला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कॉन्सर्टला जायचंय. जानेवारी २०२५मध्ये तिथे कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तसलाच एखादा. आसनगावहून लोकलने ठाणे, ठाण्याहून नेरूळ. त्यासाठी तिने ऑनलाइन एक ड्रेस मागवला. क्यूट आहे, म्हणजे तिच्याच शब्दांत. साइझ ‘एम’. अंगात घातला तर खांदे उतरतायत, कंबर कुठल्या कुठे गेलीय, आणि ‘गुडघ्यापर्यंत’ म्हणून लिहिलेली उंची पोटरीपर्यंत आलीय. परत पाठवायला वेळ नाही. मग ती बाजारपेठेतल्या टेलरकडे जाते आणि म्हणते, “मास्तर, हा जरा दोन्ही साइडनी दाबून द्या ना. आणि खालून तीन बोटं वर घ्या.” मास्तर विचारतात, “कधी पाहिजे?” ती म्हणते, “उद्या.”

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे काय विचारायचं? ड्रेस कुठल्या ब्रँडचा, हे नाही. विचारायचं हे, की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या बाईला ‘हे मला होत नाही, अंगाबरोबर करून द्या’ असं म्हणायची वेळ कधीपासून येऊ लागली?

प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पण नीट बघा. लुगडं कुणाला ‘होत नाही’ असं होतं का? आईचं लुगडं लेकीला होतं, सासूचं सुनेला होतं, बाळंतपणाच्या आधी होतं आणि नंतरही होतं. उंच बाईने ओचा कमी घ्यायचा, ठेंगणीने जास्त. शेतावर चिखलात उतरायचं तर गुडघ्यापर्यंत खोचायचं. म्हणजे फिटिंग होतंच, पण ते नेसण्यात होतं, कापडात नव्हतं. रोज सकाळी नव्याने केलं जायचं आणि रात्री सुटायचं. मागे काही खूण उरत नाही. संशोधकाची पंचाईत इथूनच सुरू होते.

चोळीचं थोडं वेगळं. ती बेतून शिवावी लागते, पण जुनी खणाची चोळी पुढे गाठ मारून बांधायची. बटण नाही, हूक नाही. अंग भरलं तर गाठ सैल, उतरलं तर घट्ट. दंडाला मात्र ती बसतेच, तिथे गाठीची सोय नाही. त्यामुळे या भागात बाईच्या कपड्यातली ‘आवळतंय, सैल करा’ ही तक्रार पहिल्यांदा बाहीपाशी उगवली असणार, असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतेय, निष्कर्ष नाही. प्रबंधात हा फरक शब्दांत दिसला पाहिजे, नाहीतर व्हायवाला तोच धागा ओढला जातो.

आणि मुलींचं परकर-पोलकं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ‘वाढत्या अंगाचं शिव’ हे वाक्य ऐकलेलं असेल. परकराच्या खाली आतून चांगली रुंद दुमड घालून ठेवायची आणि मुलीची उंची वाढली की ती उसवून सोडायची. दुमडीच्या आतलं कापड उन्हापाण्यापासून वाचलेलं, म्हणून ते उरलेल्या परकरापेक्षा गडद दिसतं. मुलगी किती वाढली ते परकरावर पट्ट्यांनी लिहिलेलं असतं. असा परकर कुणाच्या पेटीत सापडला तर त्या पट्ट्या मोजा. शाळेच्या रजिस्टरमध्ये न मिळणारी माहिती आहे ती.

आता शीर्षकातला शब्द. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. ‘दोन बोटं माया ठेवा हं मास्तर’, हे वाक्य ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी असतं. या शब्दाच्या प्रेमात पडून त्यावर कविता करायचा मोह होतो, तो आवरा. आपल्याला त्याचा उपयोग मोजमापाचा आहे. माया किती ठेवली यावरून शिवणाऱ्याची आणि शिवून घेणाऱ्याची अपेक्षा कळते. हा कपडा किती वर्षं वापरायचा? एकाच अंगावर की पुढे धाकटीच्या? अंग वाढेल असं गृहीत आहे का? आपल्याकडचा टेलर ब्लाउजच्या कडेला एकच टीप मारून थांबत नाही, शेजारी शेजारी दोन-तीन समांतर टिपा मारतो. सैल करायची वेळ आली की आतली एक टीप उसवायची, बाहेरची तयारच असते. टीप उसवली तरी सुईची भोकं बराच काळ राहतात. म्हणून कपडा उलटा करून बघायचा, सुलट्या बाजूवर हे काही दिसत नाही.

याच्या शेजारी तो ऑनलाइन आलेला ड्रेस उलटा करून ठेवा. कारखान्यात ओव्हरलॉक मशिनने कडा कापत कापत शिवलेली शिवण. आत जेमतेम सेंटिमीटरभर कापड. हजारो नग काढायचे तर प्रत्येक नगात वाचलेलं कापड म्हणजे पैसा, हा साधा हिशेब आहे. परिणाम असा की हा ड्रेस दाबता येतो, सोडता येत नाही. ऑल्टरेशनची दिशाच एक उरते. म्हणून हल्ली मुली मुद्दाम एक साइझ मोठा मागवतात आणि कमी करून घेतात. बाजारपेठेतल्या दुकानात ‘ऑल्टर करून मिळेल’ अशी पाटी दिसली तर ती कुठल्या कपड्यांसाठी आहे ते विचारा. नवं शिवण्यापेक्षा रेडीमेड दाबण्याचं काम जास्त येतं का, कधीपासून येतं, हा दोन तालुक्यांपुरता एक छान छोटा शोधनिबंध आहे. कुणी घेणार असेल तर खुशाल घ्या.

मुळात ‘एम’ कुणाचा? स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर मापं घेण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४०मध्ये केला. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली आणि १९४१ साली ती प्रसिद्ध केली. अहवालासाठी फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली होती. आपल्याकडे निफ्टने ‘इंडियासाइझ’ नावाने सर्वेक्षण हाती घेतलं. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची अशी ती योजना. सहा शहरांत मुंबई आहे. मुंबईला भातसा-तानसाचं पाणी पाजणारा शहापूर तालुका अर्थातच नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, नमुना कसा निवडला जातो याचं उदाहरण म्हणून सांगतेय. नमुन्यात जे अंग नाही त्याचं फिटिंग शेवटी बाजारपेठेतला मास्तर करतो.

आता रंगमंचाकडे वळू, कारण आपली मुलगी रोजच्यासाठी नाही, ‘कार्यक्रमासाठी’ ड्रेस दाबून घेतेय. माझ्या मते शिवून-उसवून कपडा अंगाला बसवण्याची सवय समजून घ्यायची तर शिंप्याच्या दुकानाइतकंच नाटक कंपनीच्या कपडेपटात डोकवायला हवं. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं. त्या काळात स्त्रीभूमिका पुरुष करत. म्हणजे बाईचा पोशाख पुरुषाच्या अंगावर बसवायचा. शालू नेसवणं कौशल्याचं, पण जमण्यासारखं. खरी कारागिरी चोळीत. बालगंधर्व १९०५मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३मध्ये त्यांनी भागीदारांसह गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि पुढे कितीतरी वर्षं ते नायिका रंगवत राहिले. विशीतलं अंग आणि पन्नाशीतलं अंग एक नसतं. भूमिका मात्र तीच, तरुण नायिकेची. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल पांढरपेशा घरांतल्या बायका करत, हे आपण सगळीकडे वाचतो. पण त्या चोळ्या दरवेळी कोण उसवत होतं आणि कोण शिवत होतं? नाटकाच्या इतिहासात नट येतो, नाटककार येतो, पेटीवाला-तबलजी येतो, शिंपी फारसा येत नाही.

आपल्या दोन तालुक्यांत मात्र गंधर्वांपेक्षा दुसऱ्याच रंगमंचांचं महत्त्व जास्त. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या आणि तमाशाचे फड यासाठी ती ओळखली जाते. दुसरा रंगमंच म्हणजे शाळेचं गॅदरिंग. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. या भागात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, तशा आश्रमशाळाही. डिसेंबर-जानेवारी आला की नाच बसवायचे, आणि नाच म्हणजे पोशाख. मग ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले कपडे. एकदा तरी हे कपडे आतून बघा. ब्लाउजला पाठीवर हुकांच्या दोन ओळी, किंवा हूकच काढून नाडी घातलेली. घागऱ्याच्या कमरेला इलॅस्टिक. बाहीला कच्चा टाका, कारण उद्या दुसऱ्याच शाळेतली दुसरीच मुलगी तो घालणार. हा कपडा एका अंगाचा नसतोच, तो एका हंगामाचा असतो.

आणि मग शिवलेली नऊवारी. ही गोष्ट मला फार रोचक वाटते, म्हणून जरा थांबते. नऊवारी नेसवायला येणारी बाई हाताशी हवी, वेळ हवा. पंधरा मुली लावणीला किंवा कोळीनृत्याला उभ्या करायच्या तर पंधरांना कोण नेसवणार? आणि नाचताना काष्टा सुटला तर? उपाय म्हणून साडी कापून, काष्टा कायमचा शिवून, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक लावून पायजम्यासारखी चढवता येणारी नऊवारी निघाली. आता ती ‘पेशवाई’, ‘मस्तानी’, ‘ब्राह्मणी’ अशा नावांनी तयार मिळते, आणि स्टेजवरून उतरून लग्नाच्या हॉलमध्येही पोचलीय. यात काय झालं ते बघा. जे वस्त्र प्रत्येकीला होत होतं, ते कात्री लागल्यावर एका मापाचं झालं. उंची चुकली की घोट्यावर आखूड दिसायला लागलं. साडीला ऑल्टर करायची गरज नव्हती, शिवलेल्या साडीला ती आली. यावर ‘परंपरा बुडाली’ असा शेरा मारून मोकळं होणं सोपं आहे. पण नेसवणाऱ्या हातांची उणीव, वेळेची टंचाई आणि सुटण्याची भीती या तीन गोष्टींना दिलेलं ते उत्तर होतं. शिवाय, आपली आपण दोन मिनिटांत चढवता येते, हे त्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर काही लहान नाही.

यंत्राबद्दल दोन शब्द, कारण काळ ठरवायला ते उपयोगी पडतं. आयझॅक सिंगरला १८५१मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढच्या काही दशकांत त्याची मशिनं हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४मधल्या एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे तुम्हाला ठाऊक असेल. १९३०च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ मशीन तयार होऊ लागलं. कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१मध्येच आली होती, मुरबाडला आजही रेल्वे नाही. त्यामुळे मशीन, सुटे भाग, रिळं या गोष्टी दोन्ही तालुक्यांत सारख्याच वेगाने पोचल्या असं गृहीत धरू नका. तुम्हाला सापडलेल्या जुन्या चोळीवर एक शिवण हाताची आणि तिच्यावरून दुसरी मशिनची असेल, तर मधल्या काळात ती कुणीतरी पुन्हा केलीय, एवढं तरी खात्रीने म्हणता येतं.

आता मुद्द्याचं. शहापूर-मुरबाडवरची छापील साधनं काढून बसा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्यावरचा तेरावा खंड, १८८२ सालचा. त्यात जातवार वर्णनं आहेत आणि त्यांत कपड्यांवर चार-दोन ओळी. घुर्यांचं महादेव कोळ्यांवरचं पुस्तक १९५७चं, ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं १९६०चं. शेजारच्या बदलापूरवर ना. गो. चापेकरांनी १९३३मध्ये लिहिलेलं पुस्तक तर गावाच्या अभ्यासाचा नमुनाच. हे सगळं वाचलंच पाहिजे. पण वाचताना एक लक्षात ठेवा. अशा साधनांत इथल्या बाईचा कपडा बहुतेक दोनच रूपांत येतो, एक ‘रिवाज’ आणि दुसरं ‘दारिद्र्य’. अमक्या जातीच्या बायका असं नेसतात, किंवा बायकांना अंगभर कपडा नाही. पुढचे सरकारी अहवाल आले, त्यांत कुपोषण, टँकर, धरणग्रस्त. सगळं खरं, आणि त्यावर लिहायलाच हवं. पण ‘हौस’ कुठे आहे?

हौस नव्हती असं कोण म्हणेल? म्हशाच्या यात्रेला जाताना काय घालायचं, याचा विचार करणारी मुलगी १९३० सालीही असणारच. एमा टार्लो यांनी १९९६च्या ‘क्लोदिंग मॅटर्स’मध्ये ‘काय घालायचं?’ हा प्रश्न गुजरातेतल्या खेड्यातल्या बायकांपर्यंत नेला. तो प्रश्न शहरातल्या सुशिक्षितांचाच नाही, हे त्या पुस्तकाने नीट दाखवलं. आपल्याकडे तसं काम ठाणे ग्रामीणवर करायला भरपूर जागा आहे.

अडचण एवढीच की शिवण मुकी असते. कडेला दाबलेली टीप दिसली. ती उपासमारीने अंग उतरल्यामुळे दाबली, थोरलीचा ड्रेस धाकटीला आला म्हणून दाबली, की फिल्ममधल्या नटीसारखी फिटिंग हवी म्हणून दाबली? टाका तोच. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३मध्ये कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. त्या वर्षांतला एखादा उलटा करून पुन्हा शिवलेला सदरा पाहिला की आपण लगेच ‘टंचाई’ लिहितो. त्याच १९४३मध्ये ब्रिटनच्या सरकारने जुने कपडे दुरुस्त करून वापरायला शिकवणारी पुस्तिका काढली. तिथल्या कपड्यांवर लिहिणारे अभ्यासक टंचाईबरोबर कल्पकता, नटण्याची इच्छा, शेजारणीशी स्पर्धा हेही लिहितात. आपण आदिवासी पाड्यावरचा कपडा हातात घेतला की मात्र एकच रकाना भरतो. या सवयीबद्दल माझी खरी तक्रार आहे. गरज आणि हौस एकाच शिवणीत असू शकतात, आणि कुठली किती हे कपडा एकटा सांगत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं.

बोलताना ‘तुमच्याकडे पारंपरिक पोशाख कोणता?’ असं विचारलंत तर उत्तरही पुस्तकीच मिळेल. त्याऐवजी ‘मावशी, हा ब्लाउज कशासाठी दाबून घेतला होता?’ असं विचारा. प्रसंग विचारा. कुणाचं लग्न होतं, कुठली यात्रा, कितवीतलं गॅदरिंग. कपडा समोर असेल तर आधी ज्यूल्स प्राऊनची १९८२ची पद्धत वापरा. म्हणजे पहिल्यांदा नुसतं वर्णन. कापड, रंग, टिपा किती, भोकं कुठे, दोरा कुठला. अर्थ लावायचं काम नंतर. आणि काहीही उसवू नका. आत काय आहे हे बघण्याची कितीही उत्सुकता असली तरी टीप काढली की पुरावाही गेला आणि बाईचा ब्लाउजही.

शेवटी मापाच्या वहीबद्दल, कारण बऱ्याच जणांचे डोळे तिथेच जाणार आहेत. टेलरच्या दुकानात वर्षानुवर्षांच्या वह्या असतात. नाव, छाती, कंबर, उंची, बाही, कधी शेजारी चिकटवलेला कापडाचा तुकडा आणि ‘तारखेला पाहिजे’. संख्यात्मक अभ्यास करणाऱ्याला हे घबाडच आहे. बाह्या कधी आखूड झाल्या, गळे कधी खोल झाले, कुठल्या महिन्यात ‘फिटिंग’ची कामं जास्त येतात, सगळं त्यातून काढता येईल. पण ती मापं जिवंत बायकांची आहेत, गाव लहान आहे, आणि मास्तरांनी परवानगी दिली म्हणून त्या बायकांनी दिली असं होत नाही. वहीचे फोटो काढू नका. दुकानातच बसून नाव सोडून फक्त आकडे, महिना आणि कपड्याचा प्रकार उतरवा. गावाचं नावसुद्धा तालुक्याच्या पातळीवर न्या. हे तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या अर्जात आधीच लिहा, गाईडने विचारायची वाट बघू नका. आणि दुकानात जायचंच तर सणासुदीच्या तोंडावर किंवा गॅदरिंगच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा मास्तरांना बोलायला वेळ नसतो, आणि बाकावर तीन जणी ‘उद्या पाहिजे’ म्हणून बसलेल्या असतात.